अक्कांच्या सायकलीतला अर्धा किलो

अक्का, माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते ऑर्डरींची नावं लिहायला, नाहीतर सहीपुरतं. तेही तुम्ही फॉर्म भरून द्यायच्या, बोट ठेवून म्हणायच्या, "आठे कर सही," तेव्हाच. म्हणून चुका पोटात घाला. ही वही वेफर्सच्या ऑर्डरची आहे. पुढच्या पानांवर कोणाला मिठाचे पाहिजेत आणि कोणाला मिरीचे ते लिहिलं आहे, म्हणून मी मागच्या पानापासून सुरुवात केली. कोणाला दाखवायची नाही. तुमच्या भावाला तर नाहीच.

तुम्ही गेल्यावर सगळे चांगलं चांगलं बोलले. दहाव्याला बोलले, तेराव्याला बोलले, अजून यांच्या सायकलच्या दुकानावर कोणी आलं की बोलतात. मी एकटीच काही बोलले नाही. लोकांना वाटलं, मंगल पहिल्यापासून मुकीच आहे, त्यात नणंदेचं दुःख. खरं सांगायचं तर माझ्याजवळ तुमच्याबद्दल जे होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. मी तुमच्यावर जळत होते, अक्का. लग्न होऊन आले त्या वर्षापासून. तुम्ही दहावी शिकलेल्या. तुम्ही आशाताई. डोंगराखालच्या गावात एकट्या राहायच्या, वरच्या पाड्यांवर गोळ्या आणि टॉनिक पोहोचवायच्या, बाळंतीण अडली तर जीपवाल्याशी भांडून तिला खाली आणायच्या. धनी गेल्यावरही तुमचं हसणं गेलं नाही. मी या चोपड्यात इतकी वर्षं राहून भाजीवाल्याला भाव विचारायला लाजते.

आणि मला भाऊ नाही. हे तुम्हाला माहीत होतं, पण कधी जाणवलं असेल असं वाटत नाही. वैशाखात आखाजीला गल्लीतल्या सगळ्या बायका माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. मी घरात राहून तुमच्यासाठी पुरणाच्या मोठ्या पोळ्या करायची, कारण तुमचं माहेर म्हणजे माझं घर. तुम्ही याल म्हणून हे सकाळपासून रस्त्याकडे बघत बसायचे. माझी वाट कधी कोणी अशी बघितली नाही.

ती सायकल तुम्हाला बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांनी दिली होती. जाड टायरांची, गिअरची, डोंगरात चालवायची सायकल म्हणत. नवी होती तेव्हा भारी असेल, तुमच्याकडे आली तेव्हा रंग उडाला होता आणि गिअर तीनच लागायचे. तुम्ही ती आखाजीला चालवत आणलीत, अंगणात आडवी टाकलीत आणि ओट्यावर बसून गुडघे दाबायला लागलात.

"दिल्या, हाई सायकल शे का बैल शे रे? सागाच्या चढावर मीच हिले वढत लई जास."

हे उठले. सायकल एका हातानं उचलायला गेले, जमलं नाही, दोन हातांनी उचलली. मग ती गल्लीच्या टोकाला केळी मोजतात त्या वजनकाट्यावर घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही. वीस वर्षांत कोणत्या गोष्टीनं ते असे खुशीत आलेले मी पाहिले नव्हते.

"अठरा किलो तीनशे," ते म्हणाले. "अक्का, हिच्यातून मी तुला चार किलो काढून देतो. तुला आखाजीची साडी नाही, हेच."

"पैसे?"

"पैसे कशाला? पहिले जे फुकट निघतं ते काढायचं."

तिथून ते सुरू झालं. तुम्ही दर रविवारी यायला लागलात, आणि माझा रविवार गेला.

पहिल्या रविवारी स्टँड निघाला, चेनकव्हर निघालं, लाल-पिवळे काचेचे तुकडे निघाले, बाटली अडकवायचा पिंजरा निघाला. मागचं लोखंडी कॅरिअर काढताना तुम्ही भांडलात, की माझी औषधाची बॅग मी कुठं ठेवू, डोक्यावर? तेव्हा यांनी मला हाक मारली. "मंगल, अक्काला पाठीवर अडकवायची बॅग शिवून दे. जाड कापडाची, पण हलकी." मी दिली. हातानं शिवायला दोन दुपारी लागल्या. तुम्ही ती पाठीला लावून अंगणात एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "दिल्या, तुझ्यापेक्षा तुझी बायको कारागीर शे." यांनी ऐकलंच नाही, ते घंटी काढत होते. घंटी तुम्ही काढू दिली नाहीत. "घंटी वाजली म्हणजे पाड्यावरची पोरं पळत येतात. तिचं वजन माझ्या नावावर धर."

मग त्या पुढच्या शॉकअपची गंमत झाली. यांनी सांगितलं की हे स्प्रिंगवालं चिमट्यासारखं जे आहे तेच खरं वजन, दाबतं कमी आणि बसतं जास्त. दुकानात एका भंगारात आलेल्या सायकलीचा साधा सरळ चिमटा पडला होता, तो लावला. एकाच दुपारी सव्वा किलो गेलं. काढलेलं शॉकअप एका कॉलेजच्या पोराला विकलं आणि त्याच पैशात अॅल्युमिनिअमचा जुना दांडा आला हँडलला. यांची रीत अशी होती, की जे काढायचं ते विकायचं आणि त्यातूनच पुढचं घ्यायचं, घरातला रुपया लावायचा नाही. तुमचं ते जाड गादीचं सीट गल्लीतल्या दूधवाल्यानं घेतलं. तो अजून त्यावर बसतो.

रोज जेवताना त्यांचं तेच. "मंगल, चाकातलं वजन सगळ्यात वाईट. चाकातला एक पाव म्हणजे अंगातल्या अर्ध्या किलोबरोबर. कारण ते फिरतं." मी वरण वाढत असायची. माझ्या शिलाई मशीनचं चाक पाडव्यापासून जाम होतं. ते पण फिरायचं होतं. तीनदा सांगून झालं होतं. ते म्हणायचे, "बघतो ना."

श्रावण लागला त्या रविवारी दोन गोष्टी झाल्या, आणि त्या दोन्ही तुम्हाला माहीत नाहीत.

एक म्हणजे यांनी माझा वेफर्सचा काटा घेतला. कच्च्या केळीचे वेफर्स मी ज्या ताटलीत मोजते, त्या ताटलीत ग्रीसचे नट ठेवले. एकेक नट मोजत होते आणि तुम्हाला आकडे सांगत होते. तुम्ही वहीत लिहून घेत होतात, दोघंही शाळेतल्या पोरांसारखे. ताटली मी तीनदा सोड्यानं घासली. वास गेला नाही. चार किलोची ऑर्डर दुसऱ्या दिवसावर गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजारचे आबा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "काय बहीण शे रे तुझी! पन्नाशीत डोंगर चढस." तेव्हा हे हसून म्हणाले, "नाहीतर आमच्याकडे बघा. गल्लीच्या टोकाला जायचं तर सोबत लागते."

तुम्ही तेव्हा हात धुवायला मागे गेल्या होतात. आबा हसले, हे हसले. मी चहा घेऊन दारात उभी होते. चहा दिला आणि आत गेले.

त्या आठवड्यात सायकल आमच्याकडेच होती. सीटखालची नळी लांब आहे म्हणून यांनी ती करवतीनं चार बोटं कापली होती, तेवढंच दीडशे ग्रॅम गेलं म्हणून खूश होते. कापलेली नळी आणि दुसरं छोटं सीट बाजूला काढून ठेवलं होतं. सायकलीच्या मधल्या पाइपाचं तोंड उघडं होतं. दुपारी हे दुकानावर गेले. दुकानातले झिजलेले छर्रे, म्हणजे चाकाच्या आतल्या लोखंडी गोळ्या, हे एका डब्यात टाकतात आणि डबा भरला की घरी आणून ठेवतात. तो डबा मोरीजवळ होता.

मी एक लांब थैली शिवली. पेटीकोटच्या नाडीच्या घरासारखी, अंगठ्यापेक्षा जाड. मशीन जाम, म्हणून हातानं शिवली, बारीक टाके घालून. तिच्यात छर्रे भरले, घट्ट दाबून, वाजू नयेत म्हणून. तोंड शिवलं. पाइपात सरकवली आणि लाटण्याच्या मुठीनं आत ठासली. यांनी कापून जी जागा केली होती, ती मी भरून टाकली. आधी त्याच वेफर्सच्या काट्यावर तोलली होती. सहाशे वीस ग्रॅम.

मला तेव्हा काही वाटलं नाही, असं खोटं सांगणार नाही. बरं वाटलं. हात धुतले आणि वेफर्स तळायला बसले, आणि त्या दिवशी वेफर्स फार छान झाले.

एक चूक झाली. कापड मी हाताला लागलं ते घेतलं. ते तुम्ही मला दिवाळीला दिलेल्या मेंदी रंगाच्या ब्लाउजपीसचं उरलेलं होतं.

पुढच्या रविवारी काट्यावर जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. मी पण आले होते, पदर तोंडाशी धरून, पहिल्यांदाच. यांनी सायकल ठेवली. मनात चौदा किलो साडेचारशेचा आकडा धरून आले होते. काट्यावर आलं पंधरा किलो सत्तर ग्रॅम. त्यांनी सायकल उतरवली, काटा शून्य केला, परत ठेवली. तेच.

"काटा बिघडेल शे तुना!"

काटेवाला केळीच्या घडावरून उठलासुद्धा नाही. "काटा नही बिघडेल, तुना डोकं बिघडेल शे. रोज गाडी गाडी केळं मोजस मी याच्यावर. एक शेतकरी बोलना नही, तू आठे पाव-पाव किलोना हिशोब लई येस!"

"मी पंधरा पाव काढले रे हिच्यातून!"

"मग परत घाल, कदाचित कमी होईल."

सगळे हमाल हसले. हे चिडून लाल झाले. तेव्हा तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "जाऊ दे दिल्या. सायकल नही, मीच जड व्हई गयी." तुम्ही काट्यावर नव्हतात, तरी सगळे अजून जोरात हसले, आणि भांडण संपलं. तुम्हाला हे असं जमायचं. मी पदराआड उभी होते. माझ्या मनात आलं, बघा, इथेही हीच. माझ्याकडून झालेल्या गोष्टीतही शेवटी कौतुक हिचंच.

मग दोन महिने यांची झोप गेली. टायर बदलले, तुळतुळीत आणि अरुंद घातले. पायडल बदलले. काही कमी व्हायचं, पण हिशोब कधी जुळायचा नाही. शेवटी ते म्हणाले की रिमच लोखंडी आहेत, वजन चाकातच बसलंय, चाकं बदलल्याशिवाय होणार नाही. धुळ्याला पांझरेच्या पलीकडे जुन्या सायकलींचा धंदा करणारे एक नाना आहेत, त्यांच्याकडे हलक्या रिमची जुनी जोडी मिळेल. पण सव्वीसशे सांगतात.

तुम्ही म्हणालात, "हप्त्यानं देतील का?"

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. तुमचं मानधन किती आणि ते कितीदा थकतं हे मला माहीत होतं, त्याचे फॉर्म तुम्ही माझ्याच ओट्यावर बसून भरायच्या. सांगितलं असतं तर सव्वीसशे वाचले असते. मी वरणात पाणी घातलं.

दिवाळीच्या आधी तुम्ही सायकल एसटीच्या टपावर टाकून धुळ्याला गेलात. नानांनी चाकं बसवून दिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही इथे आलात आणि हे धावतच काट्यावर गेले. तेरा किलो दोनशे. दीड किलो एका झटक्यात! येताना हे शेव-जिलबी घेऊन आले. हमालांना वाटली, काटेवाल्याला वाटली. दुकानावर जो येईल त्याला सांगायचे, "सगळं चाकात असतं बघा. दीड किलो गेलं." अजून सांगतात. त्यांच्या सांगण्यावरून दोघांनी तशी चाकं घेतली.

मी गणित केलं नाही. मला वाटलं माझी थैली आतच आहे, आणि चाकं इतकी हलकी निघाली की ती झाकली गेली. मला वाईट वाटलं. तुम्ही जिंकलात म्हणून वाईट वाटलं, हे लिहून ठेवते.

तुम्ही अंगणात सायकल धरून उभ्या होतात. म्हणालात, "मंगल, आठे ये वं. उचली दख."

मी एका हातानं उचलली. उचलली गेली.

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. बराच वेळ. मला वाटलं, मिरवते आहे. मग तुम्ही म्हणालात, "आते तुले शिकाडसू. आखाजीले. ही तुझ्यानं बी चालेल, एवढी हलकी शे."

मी म्हटलं, "मला नाही जमायचं. या वयात पाय मोडून घ्यायचा का?"

"मी तुझ्यापेक्षा मोठी शे."

"तुमची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?" तुम्ही विचारलंत. मी कढई चुलीवर आहे म्हणून आत गेले. कढई चुलीवर नव्हती.

नंतर माघात तो फोन आला. सागाच्या चढावर तुम्ही सायकल झाडाला टेकवून खाली बसलात आणि उठलाच नाहीत. पाड्यावरच्या माणसांनी झोळी करून तुम्हाला रस्त्यापर्यंत आणलं. जळगावच्या दवाखान्यात दोन दिवस. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा त्रास जुना असेल, चढावर ताण आला असेल. ताण, म्हणाले. हे रडत होते. मी भिंतीला टेकून मोजत होते. सहाशे वीस ग्रॅम. यांचा शब्द कानात होता, एक पाव काढायला आठ दिवस लागतात. श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. दर दिवशी तो चढ. दर चढाला माझे सहाशे वीस ग्रॅम.

तुमच्या मयताला वरच्या पाड्यांवरच्या बायका आल्या, चालत. काहींच्या कडेवर तुम्ही जगवलेली पोरं. त्या आमच्या अंगणात बसल्या आणि त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं. एका म्हातारीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तू तिची वहिनी ना? तिनं सांगितलं होतं, ही पिशवी माझ्या वहिनीनं शिवली." तिच्या पायाशी तुमची पाठीवरची बॅग होती. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. तरी तेव्हासुद्धा, अक्का, एक मन म्हणत होतं, माझ्या मयताला इतकी माणसं येतील का? मी अशी आहे.

सायकल घरी आली. यांनी ती मागच्या खोलीत चादर टाकून ठेवली. मी पंधरा दिवस त्या खोलीत गेले नाही. मग एका दुपारी गेले. पाना घेऊन सीट सोडवलं, नळी वर ओढली, आणि पाइपात बोट घातलं. मग उलथनं घातलं. मग सायकल उलटी केली.

पाइप रिकामा होता.

मी तिथेच फरशीवर बसले. पहिल्यांदा सुटका वाटली, पाठोपाठ भीती. कोणी काढली? कधी काढली? यांनी काढली असती तर माझ्यावर हात उगारला नसता, पण गप्प बसले नसते. मग तुम्ही? पण कधी? त्या दिवशीच्या चढाच्या आधी की नंतर कोणी झटकून टाकली? ज्या उत्तरावर माझी झोप होती ते उत्तर विचारायला माणूसच राहिलं नव्हतं. यांना विचारायचं तर आधी सांगावं लागणार.

होळीच्या आठ दिवस आधी धुळ्याहून नानांचा फोन आला. अडखळत म्हणाले, ताई गेल्याचं कळलं, फार वाईट झालं. मागायला जीभ रेटत नाही, पण चाकांचे बाराशेच्या आसपास राहिलेत. हे म्हणाले, पुढच्या महिन्यात देतो. फोन ठेवून ते डोकं धरून बसले. दवाखान्यात सगळं गेलं होतं.

मी म्हटलं, "मी देते. वेफर्सचे आहेत. मी जाऊन देऊन येते."

"तू? धुळ्याला?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या दिवशी काट्याकडे बघितलं होतं. "कोणासोबत?"

"एकटी."

चोपड्याहून अमळनेर, अमळनेरहून धुळे. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, तरी कंडक्टरला सुट्टे परत मागताना माझा आवाज फुटत नव्हता. अमळनेरला गाडी बदलताना मी तीन बायकांना तोच प्रश्न विचारला. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा पोलक्यातल्या पैशांना घामानं ओल आली होती. तुम्ही हा रस्ता सायकल टपावर टाकून केला होता. मी रिकाम्या हातानं करत होते. रिक्षात बसल्या बसल्या मला तुमचा राग आला.

नाना म्हातारे आहेत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चारी बाजूंना चाकं टांगलेली. मी नाव सांगितलं तर खुर्ची पुसून दिली, आणि वही काढली. बोटाला थुंकी लावून पान शोधलं.

"अकराशे ऐंशी," ते म्हणाले.

मी बाराशे आणले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाराशे ना?"

"नही ताई, हाई दखा. पहिले हजार. मग दोनशे, दोनशे. आणि वीस हे छर्रे."

"कसले छर्रे?"

नाना हसले. "तुम्हाले सांगितलं नही का त्यांनी? अवो, तीच तर गंमत. त्या सायकल लई आल्या, मी उचली. म्हटलं, हाई मधीच जड कसाले शे? सीट काढलं, तर आतून ही एवढी लांब थैली निंघनी! सापासारखी. फाडली तर आत बठ्ठा छर्राच छर्रा. मी म्हटलं, ताई, तुमच्याशी कोणी मस्करी करी राहिना."

"मग?"

"मग काय. त्यांनी ते कापड हातात धरलं, टाके दखले. लई वेळ दखले. आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मी म्हटलं, ताई, आते चाकं कसाले? वजन तर निंघी गयं. पैसे वाचाडा. तर म्हणाल्या, नही नाना, चाकं बसाडाच. वजन कसं गयं ते घर सांगाले काहीतरी पाहिजे ना."

नाना वहीकडे बघत होते.

"छर्रे भंगारात तोलले, वीस रुपये झाले, खात्यात जमा केले. थैली मात्र दिली नही. घडी करून पाकिटात ठेवली. म्हणाल्या, हाई कापड घरचं शे."

म्हणजे दिवाळीआधीच काढली होती. म्हणजे त्या चढावर, त्या दिवशी, सायकलीत माझं काही नव्हतं. हे मला कळलं आणि मी त्या चाकांच्या मधे बसून रडले. नानांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं मी तुमच्यासाठी रडते. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

त्या दिवशी अंगणात तुम्ही माझ्याकडे बघत होतात ते आता कळलं. तुम्ही वाट बघत होतात, मी काही बोलते का. मी कढईचं निमित्त केलं. तरी तुम्ही बोलला नाहीत. भावाला नाही, आबांना नाही, मला पण नाही. मला लाज वाटू नये म्हणून अंगावर सव्वीसशेचं कर्ज घेतलंत, आणि वर मला सायकल शिकवायला निघालात. मी एक वाईट काम केलं होतं, आयुष्यात एकदाच, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या हातानं. तेही तुम्ही घडी करून पाकिटात ठेवून दिलंत. माफी मागायलाही जागा ठेवली नाहीत. मी जळले, अक्का. तिथे बसून, डोळ्यांत पाणी असताना, परत जळले. असं मोठं होणं तुम्हालाच कसं जमतं?

नानांनी अकराशे ऐंशी मोजून घेतले आणि वीसची नोट परत माझ्यापुढे सरकवली.

मी ती त्यांच्याकडे सरकवली. "छर्‍यांचे वीस काढून टाका."

"अवो ताई, ते तर जमा शेत."

"ते छर्रे अक्कांचे नव्हते, नाना. माझे होते. थैली मी शिवली."

हे मी मोठ्यानं बोलले. अनोळखी गावात, अनोळखी पुरुषासमोर, दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं असताना. नानांनी चष्मा वर केला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. पेन उचललं, छर्‍यांच्या ओळीवर आडवी रेघ मारली, वीसची नोट बाकीच्या नोटांवर ठेवली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं. ते मला वाचता आलं. पूर्ण फिटले.